रविवारचा भोंगा

आमच्याकडे भांडी घासायला यायची ती बाई कारखान्याच्या भोंग्यावर चालायची. पिंपरीत कारखाना नवीनच उभा राहिला होता, आणि आमची वसाहत त्याच कारखान्यातल्या लोकांची. दुपारी बाराचा भोंगा झाला की तिच्या हातातलं पातेलं होतं तसं खाली यायचं. "सुटी झाली, वैनी." अर्धं घासलेलं पातेलं बघून माझं डोकं फिरायचं. वसाहतीतल्या सगळ्या कामवाल्यांना तिने हेच शिकवलं होतं: भोंगा झाला की उठायचं.

रविवारी मात्र कारखाना बंद, म्हणून भोंगाही बंद. त्यात घरोघरी पाहुणे, आणि कामवाल्या बायका तीन-तीन वाजेपर्यंत राबायच्या. एका रविवारी आमच्या घड्याळात बारा वाजले तशी ती अंगणात गेली आणि तोंडाभोवती हात धरून तिने हुबेहूब भोंगा काढला. घराघरातून बायका ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"मालकास्नी कारखान्यात सुटीचा भोंगा हाय, आमाला रविवारी न्हाई व्हय?" ती म्हणाली.

मग दर रविवारी हेच. मला राग यायचा, आणि हसूही.

एका रविवारी तिचा घसा बसला होता. बारा वाजता माझ्याजवळ येऊन ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वैनी, आज तेवढं तुमी करा की."

हे आत पेपर वाचत बसले होते. मी अंगणात गेले, तोंडाभोवती हात धरले. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा समोरच्या घरातली बाई पदराला हात पुसत बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग, कोण ओरडलं ते बघायला, तिच्या मालकीणबाई.