संध्याकाळचा वर्ग का बंद पडला

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतेय — ते विचारू नका, मलाही धड कळलेलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या गाझियाबादच्या मिशनरी शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. फादरनी स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायला मला सांगितलं, कारण सगळ्यांत जुनी शिक्षिका मीच. हौसेनं लिहिला. चर्चच्या गॅरेजमध्ये वस्तीतल्या मुलांसाठी भरलेला पहिला वर्ग, मग पत्र्याची शेड, मग ही इमारत. आणि एक वाक्य — मुलांअभावी संध्याकाळचा वर्ग बंद करण्यात आला. साफ खोटं! मुलं नंतर कित्येक दिवस फाटकाशी येऊन उभी राहायची.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा मोठी झाली तरी वस्तीतल्या मुलांचा तो जुना वर्ग सिस्टर रोझलिननी संध्याकाळी चालू ठेवला होता. केरळच्या, कडक बाई. मी मदतीला असायची. त्यांचा दंडक एकच : इथे वाचन आणि गणित, प्रार्थना नाही. मला तो भित्रेपणा वाटे. मी मात्र नाताळच्या कार्यक्रमासाठी पोरांना गुपचूप येशूच्या जन्माचं गाणं शिकवलं. आम्ही नागपूरचे बौद्ध, माझा काय संबंध? पालकांसमोर कौतुक हवं होतं, दुसरं काय!

पोरांनी ते वस्तीत गायलं. दुसऱ्याच दिवशी माणसांचा घोळका आवारात शिरला — मुलांना बाटवताय म्हणून. माझ्या आजोबांनी भर मैदानात दीक्षा घेतली, हे मी अभिमानानं सांगत आलेली. आणि तेव्हा? गप्प राहिले. नुसती गप्प राहिले असते तर —

नाही, सांगतेच. एकानं पिंकीला पुढे ओढलं. सहा वर्षांची, माझी लाडकी. "गाना किसने सिखाया?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. आणि डोळ्यांनी सिस्टरकडे खूण केली.

"सिस्टर ने," पिंकी म्हणाली.

सिस्टरनी माझी खूण पाहिली होती. तरी म्हणाल्या, "हाँ, मैंने."

पोलिसांनी त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. पुढे बदली झाली, वर्ग बंद पडला. त्या निघाल्या त्या दिवशी मी डोकेदुखीचं निमित्त करून घरी राहिले. लाज वाटत होती, पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

पिंकी नुकती अक्षरं जोडून वाचायला लागली होती. ती पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही. आता आमच्याच सोसायटीत घरोघरी भांडी घासते. परवा जिन्यात भेटली, तिच्या मुलीला कुठल्या शाळेत घालावं ते विचारत होती. लहानपणी दिलेलं उत्तर तिला आता खरंच वाटतं. म्हणाली, "मैडम, आपके स्कूल में नहीं डालूँगी. उस सिस्टर ने हम बच्चों के साथ गलत किया था ना?"

मी म्हणाले, "हाँ."