पिवळं पुस्तक आणि राहिलेली मेंढी

“मॅडम, अख्खं पुस्तक वाचलंय मी. लई येळा,” संगीता रडकुंडीला येऊन म्हणाली.

मी पुस्तक उघडलं आणि डोळेच दिपले. पानन् पान हायलायटरनं पिवळंधम्मक. हळद लागलेली नवरी बरी!

“यात महत्त्वाचं काय?”

“समदंच हाय की, मॅडम.”

मी बीडच्या एका नर्सिंग कॉलेजात अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवते. संगीता पाली गावाकडच्या मेंढपाळ घरातली. या विषयात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली, तर वडील शिक्षण बंद करून घरी नेणार होते. प्रिन्सिपॉलनी मलाच सुनावलं, “तुमची विद्यार्थिनी, तुम्हीच बघा.”

“मीट पुस्तक. काय वाचलंस, सांग.”

एक वाक्य आलं आणि गाडी अडली. वैतागून मी विषयच बदलला. “घरी मेंढरं किती गं?”

“मोजत न्हाई आमी. कावून मोजायची? वळकीची हायती की.”

“मग एखादी हरवली तर?”

ती पहिल्यांदाच हसली. “कोंडून झाल्यावर डोळे मिटायचे. कानतुटकी आली, लंगडी आली, तिचं कोकरू आलं... जी आठवना, ती राहिली. मंग तिलाच हुडकायचं.”

अगं बाई, मग अभ्यास वेगळा काय असतो! वाचायचं, मिटायचं, आठवायचं आणि सुटलेलं तेवढंच पुन्हा वाचायचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये यालाच ‘अ‍ॅक्टिव्ह रीडिंग’ म्हणत. हायलायटर मी ड्रॉवरमध्ये जप्त केला. हळूहळू हॉस्टेलच्या गच्चीवर सगळ्याच पोरी पुस्तकं मिटून एकमेकींना विचारू लागल्या, “कोण राहिलं गं?”

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मी दाराशी उभी.

“हृदयातून रक्त कसं फिरतं?”

संगीतानं डोळे मिटले. उजवे कप्पे, त्यांच्यामधली झडप, फुप्फुसं, डावे कप्पे, महाधमनी. एकामागून एक भराभर आलं.

“झालं?” परीक्षकांनी विचारलं.

“थांबा सर. एक राहिलंय.”

माझा जीव टांगणीला लागला. अन् ती ओरडलीच, “सापडली! डाव्या कप्प्यांमधली झडप!” बाहेरची रांग आत डोकावली. परीक्षकही खळखळून हसले. मला तर तिथंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

निकालाला तिचे वडील आले होते. पास झाल्याचं कळल्यावर म्हणाले, “न्यायला आलतो, मॅडम. आता ठिवून जातो.”

पुस्तक रंगवल्यानं पुस्तकच रंगतं. संगीताचा हायलायटर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मागायला ती काही आली नाही.