रियाचा प्रश्न आणि नानाखेड्याची तिसरी बस

मंडळी, आज माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत!

मी उज्जैनला अकरावी-बारावीला संस्कृत शिकवते. गेल्या वर्षी राजाची वाट बघत बसलेल्या नायिकेचं नाटक शिकवत होते, तेव्हा रियाने विचारलं, "मॅम, वो खुद क्यों नहीं गई?"

"एग्ज़ाम में नहीं आएगा, बैठ जाओ," म्हणत मी तिला गप्प केलं.

आज दुपारी तिने स्वतः लिहिलेली, छापून आलेली कादंबरी माझ्या हातात ठेवली. तीच प्रेमकथा, पण आजची. सतरा वर्षांची नायिका आमच्या उज्जैनच्या नानाखेडा बस स्टँडवर प्रियकराची वाट बघत दोन बस सोडते आणि तिसरीत चढून त्याला जाब विचारायला निघते.

पहिल्या पानावर लिहिलंय, 'मॅम के लिए, जिन्होंने जवाब नहीं दिया.'

अख्ख्या स्टाफरूमला ते पान मीच दाखवत फिरले. तुम्ही दाखवलं असतं?