कचरूभाऊचे कोरे बूट

सरकार माणसाला काय देईल आणि माणूस त्याचं काय करील, याचा नेम नाही. आमच्या शेजारच्या कचरूभाऊला सरकारनं गमबूट दिले. त्यानं ते गळ्यात घातले.

संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. गावाला लागूनच अभयारण्य आणि कचरूभाऊ तिथे रोजंदारीवर वनमजूर. पावसाळा लागला की पर्यटक बंद, जिपा बंद आणि कचरूभाऊचं चालणं सुरू. शिकारीसाठी तारेचे फासे लावणाऱ्यांना याच्यासारखा सोयीचा हंगाम नाही, म्हणून रोज गस्त. वाट अशी की पाय घातला तर घोट्यापर्यंत आत, आणि काढला तर चप्पल आतच राहते. त्यामुळे तो जन्मभर अनवाणीच चालत आला. अंगठे रोवायचे, सागाच्या मुळ्या धरून चढायचं, नाल्याला पूर असला तर तो उतरेपर्यंत दगडावर बसून तंबाखू मळायची.

त्याची बायको जनकाबाई विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला जाते. पावसाळ्यात पायाखाली जीवजंतू येऊ नयेत म्हणून भिक्खू फिरणं थांबवतात, हे तिनं तिथे ऐकलं आणि तेव्हापासून नवऱ्याची सुटका नाही.

"भंतेजी पावसाळ्यात चालनं बंद करतात, अन् आमचे हे सुरू करतात," ती म्हणते.

"भंतेजीले कायम व्हाचं नसते," कचरूभाऊ म्हणतो. "मले व्हाचं हाय."

तेच खरं होतं. केस पांढरे झाले तरी तो रोजंदारीवरच. यंदा मात्र काही जणांना कायम करणार होते आणि वनखात्याच्या साहेबांनी शिफारस केली तर त्यात कचरूभाऊ बसणार होता. आता नाही तर कधीच नाही, हे त्यालाही कळत होतं.

अशात मृगाच्या सुमारास हे गमबूट आले. काळे, चकचकीत. इतक्या वर्षांत सरकारनं त्याच्या नावानं दिलेली ही पहिली वस्तू. सोबत हुकूम आला की हद्दीच्या दगडाशी उभं राहायचं आणि दगड व बूट दोन्ही दिसतील असा फोटो मोबाइलवर पाठवायचा. कचरूभाऊनं हुकूम तंतोतंत पाळला. बूट दोरीनं बांधून गळ्यात, पाय चिखलात. दगडाशी पोचला की डबक्यात पाय धुवायचे, दुपट्ट्यानं पुसायचे, बूट चढवायचे, फोटो काढायचा आणि बूट परत गळ्यात.

मी एकदा विचारलं, "काऊन कचरूभाऊ, बूट घालाले देले का मिरवाले?"

"बूट सरकारी हायेत," तो म्हणाला. "फाटले तं जवाब द्या लागते. पायाचा जवाब कोन मांगते?"

पायाचा जवाब एकटी जनकाबाई मागत होती. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊन मांस दिसायला लागलं होतं. ती रोज संध्याकाळी मेंदी वाटायची आणि बडबड करत त्याच्या पायांवर थापायची.

श्रावणात साहेबांनी त्याला बोलावलं. समोर सगळे फोटो होते.

"एवढा पाऊस, एवढा चिखल आणि तुझे बूट बघ. दुकानातून आत्ता काढल्यासारखे. कुणाच्या गाडीवर बसून जातोस दगडापर्यंत?"

साहेबांनी ती वाट पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती, उन्हाळ्यात, जीपमधून. पावसाळ्यात तिथे बैलसुद्धा पाऊल टाकायला तयार नसतो, पण बैलाला कोण विचारतो?

"पायानंच जातो साहेब," कचरूभाऊ म्हणाला. "बूट गळ्यात असतात."

खरं कधी कधी इतकं खोटं वाटतं की सांगणाऱ्यालाच लाज वाटावी. साहेबांनी पाय दाखवायला सांगितलं. ऑफिसात यायचं म्हणून घातलेले बूट त्यानं काढले, तर तळपाय नवरीसारखे लालभडक. सगळं ऑफिस हसलं.

"गस्तीला जातोस की लग्नाला? यापुढे बुटांना चिखल दिसला नाही तर शिफारस विसर. कामावरही येऊ नकोस."

त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. मला साहेबाचा राग आला, आणि त्याहून जास्त कचरूभाऊचा.

"मंग घाला ना ते बूट, भरू द्या गाऱ्यानं," जनकाबाई म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. बौद्ध माणूस, त्यानं मध्यम मार्ग काढला. बूट गळ्यातच ठेवून चालायचं. दगडाशी पोचल्यावर ते घालून हातानं व्यवस्थित चिखल लावायचा, फोटो काढायचा, मग नाल्यात धुऊन, पुसून परत गळ्यात. भादव्यात उघाड पडली तेव्हा टेकडीवरच्या दगडाशी नुसता मुरूम उरला. मग हा नाल्यातला चिखल पळसाच्या पानात घेऊन टेकडी चढू लागला. मी स्वतः पाहिलंय. गळ्यात बूट, हातात चिखल, आणि पाय तसेच.

साहेब खूश झाले. नव्या पोरांच्या बैठकीत त्यांनी कचरूभाऊचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. "बुटांकडे बघा. याला म्हणतात गस्त." कचरूभाऊ मागे सतरंजीवर पाय मांडीखाली दाबून बसला होता. मेंदी ताजी होती.

शिफारस वर गेली. दसऱ्याच्या आधी निरोप आला की कायम करण्यापूर्वी डॉक्टरी तपासणी होईल, चालून दाखवावं लागेल आणि पायही तपासतील. कचरूभाऊ ओट्यावर बसून कितीतरी वेळ स्वतःच्या पायांकडे पाहत राहिला. जनकाबाईनं त्या संध्याकाळी दुप्पट मेंदी वाटली, म्हणजे तीही घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचा पाऊस लागला होता. कचरूभाऊ माझ्या दारावरून गस्तीला निघाला, तर गळा रिकामा. बूट पायात होते आणि पहिल्याच डबक्यात नडगीपर्यंत चिखलानं माखले होते.

"काऊन कचरूभाऊ, आज सरकारी माल खराब करून राह्यले?" मी विचारलं.

"आता पाय सरकारी होऊन राह्यले," तो म्हणाला. "जपा लागतीन."