दिवसा झोपणाऱ्यांचं घर

माझी वहिनी दुसऱ्यांची घरं सजवते, पण ती राहण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी. हे लोकांना पहिल्या फटक्यात कळत नाही. कोणाला घर विकायचं असलं की दलाल वहिनीला बोलावतो. वहिनी रिकाम्या खोल्यांत सोफा मांडते, पडदे लावते, पलंगावर उशा रचते, ओट्यावर काचेच्या भांड्यात लिंबं ठेवते. बघायला येणाऱ्याला वाटावं, आत्ताच कोणीतरी सुखाने चहा पिऊन इथून उठलंय. घर विकलं गेलं की ती सगळं उचलून आणते आणि पुढच्या घरात मांडते. ती स्वतःच म्हणते, "मी नवरी नटवते आणि लग्न लागलं की दागिने काढून आणते. नवरी पुढे नांदली का, ते मला कोणी कळवत नाही."

तिच्या सामानात सगळ्यात जड म्हणजे एक राखाडी सोफा. त्याला आमच्या घरात 'जावईबापू' म्हणतात, कारण तो जाईल तिथे ऐसपैस बसतो, काही करत नाही आणि उचलावं मात्र बाकीच्यांना लागतं. हे नाव दादाने, म्हणजे माझ्या भावाने, माझ्या नवऱ्यादेखत ठेवलं. नवरा हसला, पण त्यानंतर सोफा उचलायला कधी आला नाही.

सुरुवातीला वहिनीला या कामाचं वेड होतं. रस्त्याने जाताना लोकांच्या खिडक्यांत डोकवायची, "तो दिवा कोपऱ्यात हवा होता" म्हणून हळहळायची. पण वर्षांमागून वर्षं गेली आणि सगळी घरं तिला एकसारखी दिसायला लागली. तोच सोफा, त्याच उशा, तीच लिंबं. गुडघे कुरकुरू लागले. दादा पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर पाळीत काम करतो. तो सुट्टीच्या दिवशी हातभार लावायचा, पण एकदा कपाट उचलताना त्याची कंबर धरली ती धरलीच. शिवाय दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्यांच्या घरात होता. कुठेही न चालणारं सामान घरी यायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या गाद्या थोपटून आलेली वहिनी पाय मोडलेल्या टेबलावर जेवायची आणि चरा पडलेल्या आरशात केस विंचरायची.

शेवटी एक दिवस ती मला म्हणाली, "पुरे झालं गं. सामान घेणारा एकजण मिळालाय. देऊन टाकते सगळं आणि महिनाभर आडवी पडते."

मी म्हटलं, "पड."

त्याच सुमारास बाबा गेले आणि आई दादाकडे राहायला आली. आई आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायची. पुस्तक छापायला जाण्याआधीची शेवटची नजर तिची. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यावरून तिने मालकांशी आठवडाभर अबोला धरला होता, आणि मालकच बोलायला आले होते. घरात आम्ही भावंडं भांडलो तरी ती आधी आमचे शब्द सुधारायची, मग भांडण सोडवायची.

संध्याकाळी वहिनी घरी आली की आई विचारायची, "आजचं घर कसं होतं?"

"छान होतं."

"छान हा काही शब्द नाही. ती जांभई आहे."

पहिल्यांदा वहिनीचं डोकं तडकलं. "आई, दिवसभर गाद्या उचलल्यात. आता शब्द कुठून उचलू?"

आईने तिच्यासाठी चहा टाकला. थोड्या वेळाने म्हणाली, "धंदा विकतेस म्हणे?"

"हो. थकले मी."

"थकलीस, कंटाळलीस की विटलीस? तिन्हींची औषधं वेगळी आहेत."

वहिनी भांडी घासायला गेली. मला तिने नंतर सांगितलं, त्या भांड्यांवर तिने सगळा राग काढला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती आपणहून म्हणाली, "विटले नाही. त्या उशांचा कंटाळा आलाय. आणि थकलेय मात्र खरी."

"मग उशा बदल आणि झोप काढ. धंद्याने काय घोडं मारलंय?"

सामान घ्यायला आलेल्या माणसाला वहिनीने 'नंतर बघू' म्हणून परत पाठवलं. नंतरचं नंतर.

पुढच्या घरात ती सामान उतरवायच्या आधी एकटीच आत गेली आणि उभी राहिली. संध्याकाळी आईला म्हणाली, "आजचं घर अवघडलेलं होतं. नवख्या पाहुण्याला कुठे बसावं कळत नाही ना, तसं." आईने मान हलवली. तिची मान हलणं म्हणजे मोठी शाबासकी. दुसऱ्या दिवशी वहिनीने त्या घरातलं दारासमोरचं मोठं कपाट हलवलं आणि आपलं निम्मं सामान टेम्पोतून उतरवलंच नाही. ते घर मोकळं झालं. तिथून तिची रीतच बदलली. आधी शब्द शोधायचा, मग हात लावायचा. एक घर रुसलेलं निघालं, एक उगाच मोठ्याने बोलणारं, एक उपाशी. शब्द नेमका सापडला की काय काढायचं आणि काय ठेवायचं हे आपोआप कळायचं. घरं सगळीच विकली जायची नाहीत. थकवाही तसाच होता. पण घरी येताना ती काहीतरी घेऊन यायची आणि आई ते पारखायला बसलेली असायची.

मग नर्सबाईंचं घर आलं.

नर्सबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या आणि त्यांची धाकटी बहीण जन्मभर एकत्र राहिल्या. बहीण वारली, आता पुतण्या त्यांना दुसऱ्या गावी न्यायचं म्हणत होता. घर छोटं, दोन खोल्यांचं, गल्लीच्या आत. नर्सबाई अजून तिथेच राहत होत्या. वहिनीने सामान मांडलं तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून त्या बघत राहिल्या.

"ही खुर्ची हलवू का, बाई?"

"मी गेल्यावर हलवा."

दलालाने जाहिरातीत लिहिलं होतं, 'प्रशस्त, आलिशान, स्वप्नातलं घर.' लोक महाल बघायला यायचे आणि दारातच त्यांचं तोंड कडू व्हायचं. एक जण तर जिन्यातूनच परतला. नर्सबाईंनी दर वेळी उठून दार उघडायचं आणि दर वेळी ते लावून घ्यायचं.

वहिनीने दलालाला फोन केला. "अहो, ते आलिशान काढा."

"ताई, आलिशान सगळेच लिहितात."

"म्हणूनच काढा."

"मग काय लिहू? बारकंसं?"

 त्या घराचा शब्द वहिनीला सापडतच नव्हता. ती 'उदास' म्हणाली, आईने मान हलवली नाही. 'शांत' म्हणाली, आई म्हणाली, "स्मशानही शांत असतं." जुनं, साधं, घरगुती, सगळं झालं. आई म्हणाली, "घाई करू नको. तो शब्द त्या बाईंकडे असेल."

त्यानंतरच्याच आठवड्यात, सकाळी, आईने वहिनीकडे खिडकी मागितली.

"काय आई?"

"खिडकी. खिडकी दे गं." हात पाण्याच्या तांब्याकडे केलेला, आणि तोंडाची एक बाजू ओघळलेली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, हातापायात जोर येईल. बोलणं किती परत येईल सांगता येत नाही. आईला सगळं कळत होतं, पण शब्द बाहेर यायचे ते दुसरेच. चहाला ती चप्पल म्हणायची. दादाला काका म्हणायची. चुकलं हे तिला ताबडतोब कळायचं, आणि तिचा चेहरा बघवायचा नाही. मग ती बोलेनाशीच झाली.

मी आणि वहिनीने दिवस वाटून घेतले, पण खरं सांगायचं तर जास्त तिनेच उचलले. सकाळी आईची अंघोळ, मग व्यायाम, मग टेम्पो, मग कोणाचं तरी घर, मग परत येऊन आईचं जेवण. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. बोलताना वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची. घरांपुढे उभं राहून शब्द शोधणं बंद झालं. सोफा, उशा, लिंबं. संध्याकाळी घर कसं होतं हे विचारणारं कोणी नव्हतं.

नर्सबाईंचं घर तसंच पडून होतं. पुतण्या कंटाळला, दलालही. दलाल म्हणाला, सामान उचला, दुसरीकडे कामाला येईल. वहिनी एका दुपारी ते आणायला गेली. टेम्पो यायला वेळ होता. नर्सबाईंनी चहा ठेवला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"घरात कोण आजारी आहे?"

वहिनीने सांगितलं. सांगताना तिला रडू आलं नाही, एवढं अंगातलं त्राण गेलेलं होतं. एवढंच म्हणाली, "आई शब्दांवर जगल्या हो. आता पाणीसुद्धा मागता येत नाही."

नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना 'काय हवं' असं विचारता ना? विचारू नका. तो डोंगर आहे त्यांना. दोन शब्द पुढे ठेवा. चहा की पाणी? त्या निवडतील. निवडणं जमलं की कधीतरी बोलणंही जमेल. नाही जमलं तरी निवडलं हे त्यांचंच असेल."

वहिनी कप हातात धरून बसून राहिली. खिडकीवरच्या पडद्याला ऊन लागलं होतं. खोलीत लख्ख उजेड होता, तरी तिला डोळे मिचकावावे लागत नव्हते. तिने सहज विचारलं, "बाई, तुम्ही या घराला काय म्हणाल?"

"मी कशाला काय म्हणू?" नर्सबाई हसल्या. "आम्ही दोघी बहिणी रात्रपाळीच्या. ती टेलिफोनात होती. सकाळी यायचो, जग उठत असायचं आणि आम्ही झोपायचो. इथे उजेड येतो, पण डोळ्यांवर येत नाही. गल्ली आत आहे, आवाज पोचत नाही. दिवसा झोपणाऱ्याला असं घर मिळणं कठीण."

टेम्पो आला. वहिनीने हमालांना आपल्या उशा आणि लिंबांचं भांडं न्यायला सांगितलं. सोफाही जिन्यातून गेला. पलंग ठेवला, जाड पडदा ठेवला. मग तिथूनच दलालाला फोन लावला.

"लिहून घ्या. 'छोटं घर, गल्लीच्या आत. उजेड येतो, डोळ्यांवर येत नाही. दिवसा झोपणाऱ्यांना सोयीचं.'"

"दिवसा झोपणाऱ्यांना? ताई, आळशांना घर विकायचंय का?"

"आळशी रात्री झोपतात. लिहा तुम्ही."

दलालाने कपाळाला हात लावला असणार, पण लिहिलं. घर तसंही पडूनच होतं. पुढच्या काही दिवसांत फोन थोडे आले, पण आले ते वेगळ्याच लोकांचे. एक रखवालदार, एक इस्पितळातली मुलगी, आणि बेकरीवाले नवराबायको. बेकरीवाले रात्रभर भट्टीपुढे असतात आणि सकाळी पाव विकून घरी येतात. ते दोघे भर दुपारी घर बघायला आले. बायको पलंगावर बसली, मग सरळ आडवी झाली. नवरा ओशाळला. "अगं, ऊठ. परक्यांचं घर आहे."

नर्सबाई म्हणाल्या, "झोपू दे तिला. त्यासाठीच आहे."

घर त्यांनी घेतलं. पडदाही मागून घेतला. नर्सबाई पुतण्याकडे गेल्या. तिकडे त्यांना सकाळी फार गडबड वाटते, असं त्यांनी फोनवर वहिनीला सांगितलं. ते ऐकून वहिनीला दिवसभर चैन पडलं नाही. घर चांगल्या हाती गेलं होतं, पण नर्सबाईंसाठी तसंच दुसरं घर तिच्याजवळ नव्हतं.

आईपुढे आता ती दोन शब्द ठेवते. भात की पोळी. खिडकी उघडू की लावू. आई बोट दाखवते, कधी शब्द अर्धा येतो. एकदा वहिनीने नव्या घराबद्दल विचारलं, "भकास म्हणू की ओसाड?" आई बराच वेळ बघत राहिली. मग दोन्हींना नाही म्हणाली आणि हात हवेत नुसता पसरला. वहिनीने त्या घरात फक्त एक लांब सतरंजी टाकली. तिसरा शब्द कोणता होता, ते अजून कळलेलं नाही.

आईला बोलण्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. परवा मीही गेले होते. आई आत होती, आम्ही बाहेर बाकावर. वहिनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, डोळा लागला असेल, म्हणून मी तिच्या मांडीवरची पिशवी हळूच काढून घेतली.

"झोपले नाही," ती डोळे न उघडता म्हणाली. "अगं, उद्याचं घर आहे ना, बोळासारखं. त्याला चिंचोळं म्हणू की अरुंद?"

"एकच की."

"एकच कसं? चिंचोळ्यात माणूस अडकतो. अरुंदात नुसतं सावरून चालावं लागतं."

"मग?"

तिने डोळे उघडले. आतून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचा आवाज येत होता, आणि मागोमाग आईचा, अडखळत.

"अरुंद," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडच्या पिशवीतून फोन काढून दलालाचा नंबर लावला.