फौजींचं औषधाचं दुकान

राजुरीत सोपान औटींच्या शेतीऔषधांच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, की भिंतीवरचा वर्दीतला फोटो बघून हमखास विचारायचं, "फौजी, लढाईत किती मारले?"

"मोजलं न्हाई," म्हणत सोपान औषधाची बाटली पिशवीत घालायचे.

लोकांना वाटायचं, माणूस मोठा आहे पण बढाई मारत नाही. खरं तर सोपानना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. कारगिलच्या लढाईत ते द्रासला तोफेवर होते. तोफ डोंगराच्या अलीकडे, गोळा पडायचा पलीकडे. वर कुठंतरी बसलेला अधिकारी वायरलेसवरून सांगायचा, थोडं डावीकडे, अजून पुढं, आणि मग, बरोबर. त्या 'बरोबर'च्या ठिकाणी नुसते दगड होते की माणसं, ते कुणी सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. डावा कान मात्र तिथंच गेला.

हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते घरी आले, तेव्हा काय करावं सुचेना. पोरवयापासून ओळखीचं ठिकाण म्हणजे आळेफाट्यावरचं हस्तीमल शेठचं दुकान. शेठचे आजोबा मारवाडातून आलेले जैन, पण घरात बोलणं सगळं मराठीत. सोपान तिथं जाऊन बसायचे, पोती लावू लागायचे. एक दिवस शेठ म्हणाले, "सोपानभाऊ, मी औषधं विकायची बंद करतोय. बियाणं, खत, ठिबकचे पाइप एवढंच ठेवीन. कीड मारायचं आता नको. कंपनीवाल्यांशी मी बोलतो, परवान्याचंही बघतो. राजुरीत तुम्ही दुकान टाका."

"पण मीच का, शेठ?"

"तुम्ही फौजेतले. तुम्हाला चालतं."

दुकान झालं, चाललंही चांगलं. पण ते 'चालतं' सोपानच्या डोक्यातून जाईना. शेठनी मान दिला, की स्वतःच्या अंगावरचं पाप काढून सोपानच्या अंगावर टाकलं? फवारणीच्या हंगामात, दुकानात दाटी असताना, मध्येच ते आठवायचं. कधी वाटायचं, जाऊन विचारावं. मग वाटायचं, ज्यांनी उभं केलं त्यांना असलं काय विचारायचं.

मागच्या माघात गावातल्या गेणभाऊंचा बियाण्याचा कांदा फुलावर आला. पांढरे गोंडे नुसते डुलत होते. मधमाश्या फुलांवर बसल्या तरच बी भरतं, म्हणून त्यांनी निरगुडसरच्या नूतनताईंकडून माश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून बांधावर ठेवल्या होत्या. तेवढ्यात फुलकिडा पडला. गेणभाऊ दुकानात आले. सोपाननी औषध दिलं आणि बजावलं, "दिवस मावळल्यावर मारा. सकाळी माश्या फुलावर असत्यात."

"व्हय व्हय," म्हणून गेणभाऊ गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूतनताईंचा फोन आला. "फौजी, जरा येऊन जाता का?"

पेट्यांपुढं माश्यांचा थर पडला होता. काही अजून जिवंत होत्या, एकाच जागी गरगर फिरत होत्या. सोपान उकिडवे बसले. आपल्या हातून गेलेली वस्तू जिथं पडते, ती जागा ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. नूतनताई डाव्या बाजूनं काही बोलत होत्या, ते त्यांना ऐकूच आलं नाही. त्या समोर आल्या तेव्हा कळलं.

"मी म्हणते, तुम्ही संध्याकाळचं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं."

"मग तुमचं काय चुकलं?"

गेणभाऊ खाली मान घालून उभे होते. "मोटार चालल्याशिवाय फवारा व्हत न्हाई, आन् या आठवड्यात लाइट दिवसाचीच व्हती, राव. मी काय करू? औषध मातर लई चांगलं निघालं. किडा एक शिल्लक न्हाई."

कुणीच कुणाला शिव्या दिल्या नाहीत. नूतनताईंनी उरलेल्या पेट्या टेम्पोत चढवल्या. गेणभाऊंनी हात लावला. सोपाननी पण लावला. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना घरी येताना वाटलं. मग वाटलं, कशाबद्दल खायच्या?

त्याच आठवड्यात ते हस्तीमल शेठकडे गेले. शेठ आता थकलेत, गादीवर लोडाला टेकून असतात.

"शेठ, एक विचारायचं व्हतं. तुमी तवा म्हणला व्हता, तुमी फौजेतले, तुमाला चालतं. म्हंजी काय?"

शेठ लोडावरून जरा सावरून बसले. "मी असं म्हणालो?"

"म्हणला व्हता."

"असेन. अहो, हिला दम लागायचा. दुकानाच्या वरच घर. औषधांचा वास वर यायचा. डॉक्टर म्हणाले, बंद करा. आणि तुम्ही रिकामे बसला होतात."

आतून मंगलाकाकी पदराला हात पुसत आल्या. "काहीतरीच काय सांगता? दम मला नंतर लागला. आधी तुम्ही महाराजांपाशी नेम घेतला, जीव मारायचं विकणार नाही म्हणून."

"आधी दम."

"आधी नेम. मला चांगलं आठवतंय."

दोघांचं जमेना. काकी चहा ठेवायला वळल्या आणि दारात थांबल्या. "सोपानभाऊ, कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग?"

"कुणीच काय बोलंना, काकी," सोपान म्हणाले. चहा पिऊन ते उठले.

दुकान त्यांनी बंद केलं नाही. पण औषध मागितलं, की विचारायला लागले, शेजारी काय फुलावर आहे, पेट्या आहेत का, लाइट कधी असती. काहींना त्याचा कंटाळा आला, ते दुसरीकडे गेले. बायको एकदा म्हणाली, "इकायचं तर इका, न्हाईतर बंद करा. एक काय ते ठरवा." सोपान म्हणाले, "ठरंना." आणि कुणाला बाटली देत राहिले, कुणाला नाही म्हणत राहिले.

गेणभाऊंचं बी त्या साली निम्मंही भरलं नाही. तरी यंदा त्यांनी पुन्हा कांदा लावला. नूतनताई पेट्या द्यायला तयार नव्हत्या. सोपान स्वतः निरगुडसरला जाऊन बसले, तेव्हा कुठं त्यांनी आणल्या. किडा पडला. या वेळी सोपाननी आपला बॅटरीचा पंप नेला. ऊन उतरल्यावर माश्या पेट्यांत परतल्या, नूतनताईंनी दारं जाळीनं लावली, आणि मग गेणभाऊ आणि सोपान दोघांनी मिळून वाफे फवारले. पंप सोपानच्याच पाठीवर होता.

सकाळी ऊन तापल्यावर नूतनताईंनी जाळ्या काढल्या. माश्या बाहेर पडल्या, एकदोन घिरट्या मारून गोंड्यांवर बसल्या. पेट्यांपुढं पाच-सहा पडलेल्या दिसत होत्या.

"तेवढ्या रोजच मरतात," नूतनताई म्हणाल्या.

"रोजच?"

"त्यांचं आयुष्यच तेवढं, फौजी."

सोपाननी त्यातली एक तळहातावर घेतली. ही वयानं गेली की औषधानं, ते तिच्याकडे बघून कळत नव्हतं. गेणभाऊ चहाची किटली घेऊन बांधावरून येत होते.