अब्बांच्या क्लॅरिनेटवरच्या तक्रारी

पहिली तक्रार आली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले. खोटं वाटेल, पण वाटले!

आमचा बँड आहे. लग्नातला, लाल कोट आणि सोनेरी झालरवाला. अब्बा क्लॅरिनेट वाजवतात आणि बँडचे मास्तरही तेच. घर कोल्हापुरात, पण कागल म्हणा, मुरगूड म्हणा, जिकडं लग्न तिकडं आम्ही. मला फुंकायचं काही जमलं नाही. माझा सगळा दम बोलण्यातच जातो असं अम्मी म्हणते. म्हणून मी फोन हातात घेतला. वरातीचे व्हिडिओ काढायचे आणि बँडच्या नावाच्या अकाउंटवर टाकायचे, हे काम मी अंगावर घेतलं. आणि का म्हणून लाजू, मी ते असं वाढवलं की डीजेवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. लोक व्हिडिओ बघून सुपारी द्यायला लागले. "ते व्हिडिओतलं मास्तर सोता येणार असतील तर आत्ताच ठरवून टाकू," असे फोन यायचे. डीजे आल्यापासून मान खाली घालून बसलेला आमचा बँड पुन्हा ताठ मानेनं चालायला लागला तो त्या अकाउंटमुळं.

तर एका दुपारी मेल आला. एका गाण्याच्या कंपनीनं तक्रार केली होती. आमच्या व्हिडिओत त्यांच्या मालकीच्या गाण्याची चाल आहे, त्यांच्या मशीननं ती ओळखली आहे, म्हणून व्हिडिओ काढून टाकलाय. पुढं लिहिलेलं, कॉपीराईटचा भंग. मी ते घाबरत घाबरत अब्बांना वाचून दाखवलं.

अब्बा चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"वळकलं? मशीननं?"

"व्हय, पण अब्बा..."

"थांब थांब. कुठला व्हिडिओ? ती मुरगूडची वरात न्हवं?"

तीच होती. त्या वरातीत दोन ताशे आमचे, एक पाहुण्यांचा, फटाक्यांची माळ, बिथरलेली घोडी आणि नवरदेवाचा मामा माझ्या कानाशी "वन्स मोर" म्हणून बोंबलत होता. माझं मलाच त्यात काही कळत नव्हतं.

"एवढ्या कालव्यात माझी क्लॅरिनेट वळकली त्यानं?" अब्बा उठून उभेच राहिले. "आणि काय लिवलंय म्हणालीस? कॉपी राईट?"

"कॉपीराईट. म्हणजे हक्क..."

"कॉपी राईट हाय म्हणत्यात! म्हंजे नक्कल बरोबर वठलीया. अगं, शाबासकी हाय ही!"

मी कपाळाला हात लावला. अब्बांनी मात्र बँडच्या सगळ्यांना बोलावून घेतलं. कॉर्नेट वाजवणारे चाचा, म्हणजे अब्बांचे जुने दोस्त, तेही आले. मी जीव तोडून सांगितलं की ही तक्रार आहे, शाबासकी नाही, अशा तीन झाल्या की अकाउंट बंद पडतं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि पेढे खाल्ले. अब्बांचं म्हणणं एकच, "तक्रार करायला तरी वळकावं लागतंय की!"

तेव्हापासून नादच लागला त्यांना. लग्न वाजवून आलं की कोट काढायच्या आधी विचारायचे, "आलं का मशीनचं?" मध्ये एका वरातीत चाचांनी कॉर्नेटवर एक अख्खं गाणं एकट्यानं वाजवलं. मी ते टाकलं. काहीच आलं नाही, ना मेल ना काही. अब्बा रोज चाचांना गल्लीत गाठून म्हणायचे, "मशीन गप्प हाय बाबा. काय समजायचं ते समज." चाचा असे फुगले की आमच्या दारावरनं जाताना मान फिरवून जायला लागले. शेवटी अम्मीनं बिर्याणीचा डबा धाडला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

दुसरी तक्रार हातकणंगल्याच्या लग्नावरनं आली, अब्बांच्याच क्लॅरिनेटवर. त्यांना आनंदानं जेवण जाईना आणि मला भीतीनं. आणखी एक आली की सगळे व्हिडिओ, सगळं नाव, माझी सगळी मेहनत मातीत जाणार होती. माझं टाळकंच सटकलं. "अब्बा, आता सिनेमातलं एकसुद्धा गाणं टाकायचं न्हाय. नुसतं ताशे आणि हलगी!" असं मी ठणकावलं. ते हिरमुसले, पण ऐकलं त्यांनी. मी ताशांवर आणि नाचणाऱ्या करवल्यांवर अकाउंट चालवलं आणि ते चाललंसुद्धा.

मग अब्बांचे दात हलायला लागले.

क्लॅरिनेट ओठांनी वाजते असं लोकांना वाटतं. पण वरचे पुढचे दात तिच्या तोंडावर टेकवून पक्के धरावे लागतात, तेव्हा कुठं सूर जागचा हलत नाही. अब्बांनी दातांच्या डॉक्टरांना हात जोडले, "साहेब, पुढचं दोन तेवढं ठेवा." पण ते दोनही राहिले नाहीत. पावसाळ्यात, लग्नं नसताना, सगळे दात काढले आणि कवळी बसवली. कवळी लावून पहिल्यांदा फुंकलं तर ओल्या स्टोव्हसारखं नुसतं फुस्स झालं. अब्बा हसले. दुसऱ्यांदाही हसले. नंतर हसायचे बंद झाले.

पण माणूस चिवट! दार लावून घेऊन रोज बसायचे. हळूहळू आवाज यायला लागला, मग चाल यायला लागली, मग गाणं. आम्ही सगळे म्हणायचो, "झ्याक!" चाचा म्हणायचे, "पयल्यापेक्षा भारी!" अब्बा आमच्या तोंडाकडं बघत राहायचे.

"तुम्ही माझी माणसं," एकदा म्हणाले. "पोरगी बापाला तोंडावर बेसूर म्हणंल व्हय? आणि ह्यो?" चाचांकडं बोट दाखवून, "ह्याच्या पोटात माया आली की ह्याचं कान बंद हुत्यात."

खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. माझे कान अब्बांच्या क्लॅरिनेटवरच वाढले. ते वाजवतील तोच मला सूर. त्यांना स्वतःला तर कवळीचा आवाज डोक्यात घुमायचा, त्यात बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, सूर गेला असला तर क्लॅरिनेट पेटीत ठेवायची, कायमची. "बेसूर मास्तर म्हणून वरातीत मिरवण्यापरीस घरात बसलेलं बरं," म्हणायचे. लगीनसराई तोंडावर आली तरी एकाही सुपारीला त्यांनी हो म्हटलं नाही. फक्त कागलच्या एका जुन्या पाहुण्यांना नाही म्हणवेना, तिथं एकच गाणं वाजवतो म्हणाले.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ते टाक. मशीनला ऐकव."

मी उडालेच. "अब्बा, दोन तक्रारी झाल्यात!"

"म्हायती हाय की."

"त्यानं वळकलं तर अकाउंट जाणार. सगळं जाणार!"

"आणि न्हाय वळकलं तर मी जाणार," अब्बा म्हणाले. "ते आजपतूर माझ्याशी खोटं बोललेलं न्हाय. त्याला माझी माया न्हाय का भ्या न्हाय."

मी खूप भांडले. ताट सारलं, दार आपटलं, "माझ्या कष्टाची काही किंमतच न्हाय ह्या घरात" इथवर बोलले. अम्मी मध्ये पडली, तर तिच्यावरही ओरडले. दुसऱ्या दिवशी अब्बा दार उघडं ठेवून वाजवायला बसले, आणि मला दिसलं की वरच्या सुराच्या अलीकडं थांबून ते दर वेळी गाणं मागं नेतायत. त्या सुराला वरचे दात सगळ्यात जास्त दाबावे लागतात. अब्बा त्याला भीत होते. आख्ख्या जिल्ह्यात ज्यांच्या त्या सुरावर लोक टोप्या उडवायचे, ते माझे अब्बा. मी आत जाऊन फोन चार्जिंगला लावला.

कागलच्या वरातीत त्यांनी गाणं निवडलं ते पहिल्या तक्रारीचंच. मी समोर उलटी चालत व्हिडिओ काढत होते. मागं खड्डा आहे का म्हैस, काही बघितलं नाही. वरचा सूर आला तेव्हा अब्बांनी डोळे मिटले. लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या, पण लोक काय, लग्नात कशालाही शिट्ट्या मारतात. मी तिथंच बँडच्या गाडीच्या पायरीवर बसून व्हिडिओ टाकला.

आणि मग काहीच येईना.

आधीच्या तक्रारी लगेच आल्या होत्या. ह्या वेळी सगळं शांत. खाली लोक लिहीत होते, 'नाद खुळा', 'मास्तर परत आलं'. अब्बांना मी ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "त्यांचं ऱ्हाऊ दे." आलं का म्हणून मात्र विचारत नव्हते. अम्मीजवळ बसून लसूण सोलत होते, नको तितका लसूण. अकाउंट सुरक्षित होतं, मी खूश व्हायला हवं होतं. आणि मी मंडईत, रिक्षात, जिथं असेन तिथं फोन बघून मनात म्हणत होते, या अल्लाह, तक्रार येऊ दे. एक तक्रार येऊ दे!

आली! मी गिरणीत दळण आणायला गेले होते. फोन थरथरला, मी पिठाच्या हातानं उघडला. व्हिडिओ काढला आहे. अकाउंट बंद केलं आहे. उघडून बघितलं तर खरंच, आमच्या बँडचं नाव नाही, व्हिडिओ नाहीत, काही काही नाही. मी गिरणीत अशी किंकाळी फोडली की गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. "काय झालं गं?" "गेलं!" मी म्हणाले, "सगळं गेलं!" आणि हसत सुटले. दळणाचा डबा तिथंच टाकून घराकडं पळाले.

अब्बा अंगणात चाचांबरोबर बसले होते.

"अब्बा, वळकलं!"

त्यांना आधी कळलंच नाही. मग उभे राहिले. "कुठनं कुठवर?" त्यांनी हळूच विचारलं.

गाणं कुठं सुरू होतं आणि कुठवर जुळतं, ते मेलमध्ये लिहिलेलं असतं. मी वाचलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, सबंध.

"वरच्या सुराला पण?"

"वरच्या सुराला पण, अब्बा."

अब्बा मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मीही रडत होते, हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडत आली, "कोण गेलं?"

तेवढ्यात चाचांनी फोन हातात घेतला. त्यांना बारीक अक्षर वाचायची सवय. "ए पोरी, हे काय हाय? तक्रार चुकीची वाटत असली तर कळवा, असं लिवलंय. मग अकाउंट परत मिळंल. लिव की! ह्ये तुमचं गाणंच न्हवं म्हण. कुठं जुळतच न्हाय, मशीन चुकलंय म्हण. गप बसतील."

खरंच तसा रकाना होता. चार ओळी लिहायच्या होत्या. माझं सगळं काम त्या चार ओळींच्या पलीकडं होतं, आणि चाचा म्हणत होते ते जमण्यासारखंही होतं. मी अब्बांकडं बघितलं. ते डोळे पुसायचे थांबून माझ्या बोटांकडं बघत होते.

मी पदराला पीठ पुसलं आणि त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिलं, "आमची काही तक्रार नाही. मशीन चुकलेलं नाही." आणि पाठवून दिलं.